पानी कोन दी?

महिन्याभरापूर्वी एका रविवारी आमच्या कॉलनीतल्या ओपन स्पेसमधल्या मंदिराच्या ओट्यावर आम्ही सात-आठ जण नकाशा पसरून बसलो होतो, नकाशा म्हंजे मोबाईलवरून प्रिंट काढलेले चार कागद सेलोटेपनं जोडलेले, मधून वळणं घेत जाणारी पांझरा नदी आणि तिच्या दोन्ही अंगांनी माझ्या मुलीच्या दप्तरातल्या हिरव्या स्केचपेननं मी रंगवलेला पट्टा. धुळ्याच्या नदीकाठचा जो जुना हिरवा पट्टा होता, मळे, आमराया, चिंचा, करंज, त्यातलं जे काही उरलंय ते नीट जगवायचं असेल तर काय करावं लागेल, याचं आपण नागरिकांनी एक म्हणणं लिहून तयार ठेवावं, शहराच्या विकास आराखड्यात आरक्षणं आणि झोन ठरून गेल्यावर धावपळ करण्यापेक्षा आधीच, एवढाच विचार होता. कुणी म्हणालं जॉगिंग ट्रॅक, कुणी ओपन जिम, कुणी मियावाकी पद्धतीचं दाट जंगल, एका सरांनी तर झाडांची यादीच लिहून आणलेली. सगळे उत्साहात. आणि हे सगळं ऐकत कडेला बसलेले तात्या, वय ऐंशीच्या पुढं, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली, ते नकाशाकडं बराच वेळ बघून एवढंच बोलले, "झाडं लावनं सोपं शे ताई, पन पानी कोन दी?"

कुणीच काही बोललं नाही. मला तर घरी आल्यावरही ते वाक्य सोडेना, कारण मी ज्या गावात वाढले तिथं या प्रश्नाचं उत्तर शेंबड्या पोरालाही माहीत होतं. पाणी पाटकरी देणार. दुसरं कोण?

माझं माहेर धुळ्याच्या खालच्या अंगाला, पांझरेकाठी. आमचं शेत फडात होतं. फड म्हटलं की बाहेरच्या लोकांना तमाशा नाहीतर कुस्ती आठवते, आमच्याकडं फड म्हंजे पाटाच्या पाण्यावर भिजणाऱ्या जमिनीचा एक मोठा सलग तुकडा, कुणाचं दोन बिघे कुणाचं दहा असं सगळं त्यात आलेलं. ही पद्धत तीन-चारशे वर्षांची, पांझरा, मोसम आणि आरम या नद्यांवर चालत आलेली. नदीत आडवा दगडी बंधारा, बंधाऱ्यापासून निघणारा पाट, कुठं दोन किलोमीटर तर कुठं दहा-बारा किलोमीटर लांब, पाटातून चाऱ्या, चाऱ्यांतून शेतात जाणारे सारंग आणि जास्तीचं पाणी परत काढून द्यायला सांडवे. गावाचं कायम बागायत साधारण चार फडांत वाटलेलं असायचं, एक फड 10 हेक्टरचाही असेल आणि 200 चाही. यंदा कुठले फड भिजवायचे, कुठला पडीत ठेवायचा हे गाव बसून ठरवायचं आणि एका फडात एकच पीक, ऊस म्हंजे सगळ्यांचा ऊस, गहू म्हंजे सगळ्यांचा गहू. पुढच्या वर्षी पीक दुसऱ्या फडात सरकायचं, त्यामुळं जमीन खारवत नव्हती, चोपण होत नव्हती. पाणी कमी असलं तर फड कमी करायचे, माणसं कमी करायची नाहीत.

आणि या सगळ्यात मला जे सगळ्यात मोठं वाटतं ते हे की आप्पांनी, म्हंजे माझ्या वडलांनी, स्वतःच्या शेताला स्वतः पाणी कधी भरलं नाही. तो त्यांचा अधिकारच नव्हता. पाणी भरणारा पाटकरी, त्याच्यावर देखरेख करायला हवालदार, पीक राखायला जागल्या, आणि या सगळ्यांना मोबदला सगळ्या फडाकडून, बराचसा धान्यात नाहीतर पिकातच. पाटकऱ्याला कुठलं शेत कुणाचं याच्याशी घेणं नाही, त्याला फड भिजवायचाय. सरपंचाच्या शेताला जेवढा वेळ तेवढाच विधवा बाईच्या शेताला.

आमच्या फडाचे पाटकरीबाबा मला अजून जसेच्या तसे दिसतात. उंच, काटक, धोतर मांडीपर्यंत खोचलेलं, खांद्यावर फावडं. मी सहा-सात वर्षांची असेन, आप्पांसाठी भाकरी घेऊन गेले की बांधावर बसून त्यांचं काम बघत राहायचे. एक वाफा भरत आला की ते फावड्याचे दोनच घाव घालून पुढच्या वाफ्याचं तोंड मोकळं करायचे, तोच चिखल गवताच्या पेंडीसकट उचलून मागच्या तोंडाला लावायचे आणि त्यावर अनवाणी पाय दाबून उभे राहायचे. पाय काढायची घाई नाही. पाणी वळेपर्यंत, मागचं तोंड झिरपायचं थांबेपर्यंत, पाय तिथंच. मग कोरड्या जमिनीत पाणी शिरताना तो चुर्र आवाज यायचा, भेगांतून बुडबुडे, मुंग्या भराभरा वरच्या ढेकळावर चढायच्या, बगळे लगेच हजर. रात्रीची पाळी असली की कंदील बांधावर ठेवून हेच काम. त्या पायाच्या टाचेला पडलेल्या भेगा आणि त्यात बसलेली काळी माती, धुतली तरी निघत नसणार इतकी आत गेलेली. आमची शेतं, पाटाकडेची जांभळं, उंबर, करंज, चिंचा, सगळं हिरवं होतं ते त्या पायाखाली होतं असं आता वाटतं.

झाडांचं मुद्दाम सांगते, कारण पाटाकडेला झाडं कुणी लावली नव्हती, म्हंजे कार्यक्रम करून लावली नव्हती. पाट मातीचा, पाणी झिरपायचं, झिरपलेल्या पाण्यावर झाडं आपोआप धरायची. पाटाची सावली पाटालाच. दर उन्हाळ्यात पाट साफ करायला घरटी एक माणूस जायचा, गाळ उपसून कडेला टाकायचा, तो गाळ त्या झाडांनाच मिळायचा. आमराईतला आंबा पाडाला आला की पाटकऱ्याचा वाटा आधी निघायचा.

आता शहराचं. धुळ्याला आलेला माणूस सरळ रेषेत आखलेल्या नंबरच्या गल्ल्या बघून चकित होतो. 1818 मधे पेशवाई गेली, खानदेश इंग्रजांकडं आला आणि कॅप्टन जॉन ब्रिग्ज यानं 1819 च्या सुमारास धुळं मुख्य ठाणं म्हणून निवडलं, मध्यावरचं गाव म्हणून. नवी पेठ आखली, सरळ रस्ते काढले, व्यापारी आणून वसवले. शहराच्या नियोजनाचं कौतुक इथं लोक गल्ल्यांपासून सुरू करतात, ते बरोबरही आहे, पण त्या गल्ल्यांत येणारी भाजी, ऊस-गूळ, गहू पिकवणारं पाट-बंधाऱ्यांचं नियोजन पांझरेवर त्याच्याही आधीपासून चालू होतं, आणि ते कागदावर नव्हतं, माणसांच्या पाळ्यांत होतं. पुढं मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या, तेव्हा विशीतला नवा असिस्टंट इंजिनिअर, 1884 मधे मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागले तेव्हा त्यांच्या अगदी पहिल्या कामांपैकी एक काम इकडचं होतं, पांझरेच्या पाटाचं पाणी पलीकडं न्यायला पाइपाचं सायफन बांधायचं. ज्या माणसाच्या नावानं देशभर इंजिनिअर दिन साजरा होतो त्याचा हात बसला तो आमच्या पाटावर, ही गोष्ट धुळ्याच्या प्रत्येक शाळेत सांगायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

मग हे सगळं गेलं कुठं? एका दिवसात गेलं नाही. वरच्या अंगाला धरणं झाली, नदीचं बारमाही वाहणं थांबलं. विहिरींवर मोटारी आल्या, मग बोअर आले, ज्याचं त्याचं पाणी ज्याच्या त्याच्या बटणाखाली आलं, मग फडात सगळ्यांनी एकच पीक कशाला लावायचं? एकानं कापूस लावला, दुसऱ्यानं केळी, पाटकऱ्याच्या पोरानं सुरतेला जाऊन नोकरी धरली. पाट साफ करायला घरटी माणूस यायचा तो आधी घरटी पैसे देऊ लागला, मग तेही नाही. आणि शहर तिकडून वाढत आलं. नदीपलीकडचं देवपूर बघता बघता पसरलं, 2003 मधे नगरपालिकेची महानगरपालिका झाली, प्लॉटचे भाव चौरस फुटात बोलायला लागले.

आमचा मळाही विकला. आप्पांच्या आजारपणात, 2004 मधे. कुणाला दोष देण्यासारखं त्यात काही नाही, दवाखान्याचे पैसे भरायचे होते आणि घेणारा दारात उभा होता. सही करून आल्यावर आप्पा काही बोलले नाहीत, फक्त संध्याकाळी फावडं धुऊन पुसून माळ्यावर ठेवलं. म्हणून कुणी मला हिरव्या पट्ट्याच्या गोष्टी सांगताना शेतकऱ्याला विसरलं की मला राग येतो. नकाशावर एखाद्याच्या सातबाऱ्यावर हिरवा रंग भरला जातो, शेजारच्याचा एनए, म्हंजे बिगरशेती, होऊन त्याचा बंगला उभा राहतो आणि याच्याकडं ना भाव ना पाणी. प्रादेशिक व नगररचना कायदा 1966 चा, त्यात कलम 127 आहे, आरक्षित जमीन 10 वर्षांत घेतली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो आणि त्यानंतर 24 महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं, म्हंजे सुटतं. मालकाच्या बाजूनं ते न्यायाचंच आहे. पण याचा अर्थ असा की नुसतं बागेचं आरक्षण टाकून ठेवलं आणि पैशाची तरतूद केली नाही तर तो हिरवा रंग 12 वर्षांत उडून जाऊ शकतो. त्यामुळं आमच्या म्हणण्यात आम्ही पहिल्यांदा हेच लिहिलंय, की जो मळा अजून मळा आहे तो मळाच राहू द्या, त्याला उद्यान करायची गरज नाही, त्या शेतकऱ्याला पाणी द्या आणि भाजी विकायला शहरात हक्काची जागा द्या. भाजीचा मळा हा पण शहराचा हिरवा पट्टाच आहे.

आता तात्यांच्या प्रश्नाकडं येते. चार वर्षांपूर्वी आमच्याच भागात नदीकाठी एका संस्थेनं मोठं वृक्षारोपण केलं होतं, मीही शाळेच्या मुलींना घेऊन गेले होते, जुलैचा पाऊस, सगळ्यांच्या हातात रोपं, फोटो. डिसेंबरपर्यंत छान होती रोपं. मार्चमधे पानं वाळायला लागली, मी फोन केले, टँकर येणार येणार म्हणाले, आणि मे उजाडेपर्यंत, आमच्याकडचा मे तुम्हाला माहितीये, पारा 43-44 ला टेकलेला, ट्री-गार्डमधे नुसत्या काड्या राहिल्या. माझ्या वर्गातल्या एका मुलीनं आपल्या रोपाला नाव दिलेलं, ती रोज शाळेतून जाताना बाटलीतलं उरलेलं पाणी घालायची. तिचं एक जगलं. आजही आहे, करंज आहे, तिच्या उंचीच्या वर गेलंय.

तात्यांचा प्रश्न ऐकला त्या रात्री मी हिशोब मांडला. नव्या रोपाला उन्हाळ्यात आठवड्याला 20 लिटर पाणी धरा. हजार रोपं म्हंजे 20000 लिटर, 5000 लिटरचे चार टँकर, दर आठवड्याला. फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत 17-18 आठवडे, म्हंजे अडुसष्ट ते बहात्तर टँकर एका उन्हाळ्याला, आणि असे तीन उन्हाळे तरी काढावे लागतात झाड स्वतःच्या मुळावर उभं राहायला. दोनशेवर टँकर. डिझेल, ड्रायव्हर, पाइप धरणारी माणसं, सगळं आलं. आणि दुसऱ्या बाजूला, फडाच्या पाटाची वाहायची ताकद साधारण सेकंदाला 450 लिटर असायची असं अभ्यासकांनी मोजून ठेवलंय. 20000 ला 450 नं भागा. पंचेचाळीस सेकंद. हजार झाडांचं आठवड्याचं पाणी म्हंजे जुन्या पाटाचं पाऊण मिनिट. मी तीनदा भागाकार केला.

म्हणून आता आमच्या कागदावर झाडांची यादी शेवटी गेलीय आणि पाणी वर आलंय. पांझरेत आज शहराचे नाले उतरतात हे धुळ्यात कुणाला सांगायची गरज नाही. ते सांडपाणी शुद्ध करून नदीत सोडण्याआधी काठाकाठानं एका उथळ, मातीच्या, झिरपणाऱ्या चारीतून फिरवावं, पाटासारखं, उतार बघून, मोटार न लावता जिथपर्यंत जाईल तिथपर्यंत, काँक्रीट अजिबात नको कारण काँक्रीटचा पाट झिरपत नाही आणि झिरपला नाही तर कडेला झाड धरत नाही. आणि त्या चारीवर पगारी माणूस नेमावा. ठेक्यावर सहा महिन्यांसाठी आलेला मजूर नको, त्या पट्ट्याचा माणूस, ज्याला प्रत्येक वाफ्याचं तोंड माहितीये. आमच्यातल्या एका इंजिनिअर मुलानं विचारलं की पदाचं नाव काय लिहू, उद्यान सहाय्यक लिहू का. मी म्हटलं पाटकरी लिही. वर देखरेखीला काठावरच्या कॉलन्यांची आणि उरलेल्या मळेवाल्यांची मिळून पंच कमिटी, वर्षातून एकदा उन्हाळ्यात घरटी माणूस गाळ काढायला. मोठ्या शहरात हे जमेल का असं दोघांनी विचारलं. मला खात्रीनं हो म्हणता आलं नाही, पण गणपतीत याच कॉलन्या दहा दिवस पाळ्या लावतात, मंडपात रात्री झोपायला कोण, आरतीला कोण, हे सगळं वहीत लिहिलेलं असतं, मग झाडांसाठी वही का नको?

जागा कुठली याचं उत्तर नदीनंच देऊन ठेवलंय. पाटबंधारे खातं निळी आणि लाल पूररेषा आखतं, निळी म्हंजे साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतून एकदाच्या. निळीच्या आत बांधकामाला मनाईच. पांझरेनं 1872 मधे धुळ्याचं केवढं नुकसान केलं ते जुन्या गॅझेटियरमधे आहे, आणि 2019 च्या ऑगस्टमधलं पाणी आम्ही स्वतः पुलाजवळ उभं राहून बघितलं, गढूळ, आवाज करत जाणारं, त्यात अख्खी झाडं. त्या आतल्या जागेत पेव्हर ब्लॉक, कारंजी आणि बाकडी ठेवणं म्हंजे ती दर पुराला वाहून जायला ठेवणं. तिथं वाळुंज, करंज, उंबर, जांभूळ, अर्जुन असावेत, पुरात वाकतात, चिखलात उभे राहतात आणि काठ धरून ठेवतात. वेडी बाभूळ मात्र काढायलाच हवी, हळूहळू, एकदम जेसीबीनं नाही, कारण आज निदान तीच काठ धरून आहे.

जुनी झाडं आम्ही तीन रविवार फिरून मोजली. शिंप्याचा टेप पुरेना म्हणून साडीच्या काठाची दोरी करून घेर घेतला. 2021 च्या दुरुस्तीनंतर राज्याच्या वृक्ष कायद्यात 50 वर्षं आणि त्याहून जुन्या झाडाला वारसा वृक्ष मानलंय, त्यामुळं प्रत्येक झाडाचं वय, जागा, फोटो असं लिहून ठेवतोय. एका पिंपळाच्या पारावर बसलेल्या आजीबाईंनी तर आम्हालाच पाणी पाजून सांगितलं की या झाडाची मुंज त्यांच्या सासूबाईंनी लावली होती. वयाचा याहून चांगला पुरावा कुठून आणायचा.

धुळ्याजवळच्या लळिंगच्या कुरणाबद्दल पण दोन ओळी घातल्यात, नदीपासून लांब असलं तरी. शहराचा हिरवा पट्टा तिकडच्या डोंगरापर्यंत जोडलेला धरला तरच त्याला अर्थ आहे. तिथल्या लांडोर बंगल्यावर 1937 मधे 31 जुलैला बाबासाहेब आंबेडकर थांबले होते आणि अजून दरवर्षी त्या दिवशी हजारो माणसं पावसात डोंगर चढून जातात, शहराच्या मनात ती जागा आहेच. फक्त कुरणात झाडं लावायचा हट्ट नको. कुरण म्हंजे गवत, मारवेल, पवन्या, त्यावर जगणारे ससे, तितर, मोर, त्यावर येणारी गुरं. व्हिएन्ना शहरानं 1905 मधे शहराभोवतीचा पट्टा राखायचा ठराव केला तेव्हा त्याच्या नावातच जंगल आणि कुरण दोन्ही होतं. आपण कुरणाला मोकळी जागा समजतो आणि खड्डे घेत सुटतो.

काल तात्यांचा निरोप आला, नकाशा घेऊन ये. गेले तर काठी घेऊन तयारच होते. आम्ही दोघं खालच्या बाजूला चालत गेलो, जिथं नव्या कॉलन्या संपतात आणि अजून थोडे मळे आहेत. एका अपार्टमेंटच्या मागं गटार वाहत होतं, प्लॅस्टिक, काळं पाणी, वास. तात्या थांबले. ते गटार विचित्र वळण घेत होतं, कंपाउंडच्या रेषेला न जुमानता, जणू आधीच ठरवून ठेवल्यासारखं, आणि त्याच्या कडेला एका ओळीत चार जांभळं आणि एक उंबर. तात्यांनी काठीनं कडेची माती उकरली. खाली घडीव दगड होते, दोन, मग तिसरा.

"हाऊ पाट शे," ते म्हणाले, "गटार नही."

त्यांचे वडील याच पाटावर पाटकरी होते, हे मला काल कळलं. मी नकाशा भिंतीला लावून धरला, तात्यांनी पेन्सिल घेतली, हात थरथरत होता म्हणून मी मनगट धरलं, आणि त्यांनी ती रेघ काढायला सुरुवात केली, उंबरापासून, अपार्टमेंटच्या पार्किंगखालून, शाळेच्या मैदानाकडेनं, आमच्या मंदिराच्या मागून. मंदिराच्या मागं थांबले. मग म्हणाले इथून पुढं त्यांना नीट आठवत नाही, पलीकडच्या काठाला त्यांच्याहून मोठे एक जण आहेत, त्यांना विचारू. उद्या सकाळी सातला निघायचंय, ऊन चढायच्या आत.